मदत हवी आहे: मिक्स्ड कंडिशनल दर वेळी चुकतंय, उद्या टेस्ट

नाशिकरोडकर:
कोणीतरी पटकन सांगा. इंग्रजीतली जर-तरची वाक्यं, म्हणजे फर्स्ट, सेकंड, थर्ड कंडिशनल, मला येतात पण मिक्स्ड आलं की चुकतंच. आज क्लासमध्ये सरांनी लाल पेनाने गोल केला आणि पुढे गेले, कारण काही सांगितलं नाही. मी नियमाप्रमाणेच लिहिलं होतं. उद्या सकाळी टेस्ट आहे, लांबड नको प्लीज.

गोदाकाठ:
वाक्य टाक ना आधी. गोल नक्की कशावर केला?

बागायतदार_निफाड:
परीक्षा कुठली? आयएलटीएस असेल तर ग्रामरचा वेगळा पेपरच नसतो, लिसनिंग, रीडिंग, रायटिंग, स्पीकिंग एवढंच. माझ्या पुतणीने रोज इंग्रजी पेपर मोठ्याने वाचला, तू पण तेच कर.

नाशिकरोडकर:
काका आयएलटीएस नाहीये, कॉलेज रोडला साधा क्लास आहे. मराठी वाक्य होतं, 'पंचवटी एक्सप्रेस चुकली नसती तर मी आत्ता दादरला असतो.' मी लिहिलं, 'इफ आय हॅड नॉट मिस्ड द पंचवटी, आय वुड हॅव बीन इन दादर नाऊ.' गोल 'हॅव बीन' वर.

गोदाकाठ:
मग सरांचं बरोबर आहे. वुड बी.

नाशिकरोडकर:
पण का?? इफ नंतर हॅड आलं की पुढे वुड हॅव, हेच तर पाठ केलंय.

खडूफळा:
पाठ केलंस तिथेच अडकलास बघ. आपलं मराठी 'असतो' दोन्हीकडे चालतं, 'काल दादरला असतो' आणि 'आत्ता दादरला असतो', क्रियापद तेच, काळ कळतो तो काल आणि आत्ता या शब्दांवरून. इंग्रजीत तो काळ क्रियापदातच दाखवावा लागतो. कालचं असेल तर वुड हॅव बीन, आत्ताचं असेल तर वुड बी. म्हणून 'तर'च्या जागी वाक्य तोड आणि दोन्ही तुकड्यांना वेगवेगळं विचार, हे कधीचं? गाडी चुकली सकाळी, ते होऊन गेलं, म्हणून हॅड मिस्ड. दादरला असणं आत्ताचं, म्हणून वुड बी. दोन तुकड्यांचे काळ वेगळे, म्हणून त्याला मिक्स्ड म्हणतात, बाकी काही नाही.

जुना_सिडको:
ताई, एवढं सरसकट नको. 'नाऊ' काढून टाकलं तर त्याचं वाक्य बरोबरच आहे, आणि बोलताना लोक 'वुड हॅव बीन हिअर बाय नाऊ' सर्रास म्हणतात.

खडूफळा:
'नाऊ' काढलं तर बरोबर, पण मग अर्थ तेव्हाचा होतो, आणि मराठीत 'आत्ता' दिलंय. उद्याच्या पेपरात मुलाला मार्क हवेत, त्याला उगाच गोंधळात टाकू नका दादा.

गोदाकाठ:
उलटा प्रकार पण असतो ना?

खडूफळा:
हो, तो सगळे विसरतात. 'मला पोहता येत असतं तर त्या दिवशी मी नदीत उतरलो असतो.' पोहता न येणं आजही तसंच आहे, उतरणं त्या दिवसाचं. 'इफ आय न्यू हाऊ टु स्विम, आय वुड हॅव गॉन इन दॅट डे.' इथे हॅड लागतच नाही.

सीबीएस_ते_ठाणे:
पंचवटी चुकली तर नाशिकच्या महामार्ग बस स्टँडवर जायचं, मुंबईच्या बस तिथून मिळतात. सीबीएस स्टँडला ताटकळत बसू नका.

बागायतदार_निफाड:
ताई मला पण एक सांगा. 'फुलोऱ्यात फवारणी वेळेवर झाली असती तर आज बागेत माल असता.' आमच्याकडे डावणी रोगाने द्राक्षांचे घड गेले, पानं उलटून बघितली तर खाली पांढरी बुरशी.

खडूफळा:
'इफ वुई हॅड स्प्रेड ऑन टाइम, वुई वुड हॅव ग्रेप्स टुडे.' इथलं 'हॅव' म्हणजे आपल्याकडे असणं, वुड हॅव बीन मधलं हॅव वेगळं. खूप जण इथे फसतात. आणि काका, घडांचं वाचून वाईट वाटलं.

जुना_सिडको:
काका फुलोऱ्यात पाऊस होता का? कुठलं औषध मारलं होतं, छाटणी कधीची?

नाशिकरोडकर:
ताई एक करून बघितलं, तपासा. 'हे कोणी शाळेतच सांगितलं असतं तर आज रात्री मी अडकलो नसतो.' 'इफ समवन हॅड टोल्ड मी धिस इन स्कूल, आय वुड नॉट बी स्टक टुनाइट.'

खडूफळा:
एकदम बरोबर. आता उलट्या प्रकाराची अशीच दोन कर आणि झोप.

बागायतदार_निफाड:
पाऊस होता ना, सलग तीन दिवस. ट्रॅक्टर बागेत घालताच आला नाही. छाटणी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातली.