मदत हवी आहे: गृहपाठ अचूक, वर्गात मात्र कोरा कागद

नमस्कार मंडळी,

मी कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात (विद्यापीठाआधीचं दोन वर्षांचं सरकारी कॉलेज) संध्याकाळचा संख्याशास्त्राचा वर्ग घेते, अर्धवेळ. वर्गात ३२ जण आहेत. एक जण गोदामातली पाळी संपवून थेट येतो, एक बाई मुलीला बहिणीकडे सोडून येतात, काहींना शाळा सोडून दहा-दहा वर्षं झालीत.

थोडी पार्श्वभूमी सांगते. पूर्वी इथे चाचणी घेऊन कच्च्या मुलांना आधी प्राथमिक बीजगणिताच्या वर्गांत बसवत. एक झाला की दुसरा, त्यांचं क्रेडिट पुढे विद्यापीठात धरलं जात नसे आणि कितीतरी जण वाटेतच गळत. २०१७ च्या असेंब्ली बिल ७०५ नंतर हायस्कूलचे गुण बघून थेट विद्यापीठात चालणाऱ्या विषयाला बसवतात. हा कायदा मला मनापासून पटतो. पण त्यामुळे ०.०५ मोठा की ०.१ मोठा इथे अडखळणारा मुलगा आणि पी-व्हॅल्यू (निव्वळ योगायोग असता तर इतका टोकाचा निकाल यायची शक्यता किती, तो आकडा) एकाच तासात येतात.

खरी अडचण पुढे आहे. ऑनलाइन गृहपाठ शंभर टक्के बरोबर येतो, तोच प्रश्न वर्गात कागदावर दिला की कागद कोरा. बहुतेकांनी चॅटजीपीटीला विचारलेलं असतं. मला त्यांच्यामागे पोलिसासारखं लागायचं नाही. रात्री अकराला घरी पोचून बाराच्या आत गृहपाठ टाकायचा, तर माणूस दुसरं काय करणार? पण हीच मुलं पुढे नर्सिंगला जाणार आहेत, आकडे वाचता न येणं त्यांना महागात पडेल.

पुस्तक ओपनस्टॅक्सचं फुकट वापरते. शंभर डॉलरच्या वरचा कॅल्क्युलेटर घ्यायला लावत नाही, फोनवर डेसमॉस हा फुकट आलेख-कॅल्क्युलेटर चालतो. कोडॅप हे आकड्यांचे आलेख काढून बघायचं वेबसाधन फार आवडलं, पण फोनच्या पडद्यावर दाटीवाटी होते आणि अर्ध्या वर्गाकडे लॅपटॉप नाही. तुमच्यापैकी कुणी असा वर्ग सांभाळला असेल तर सांगा: गृहपाठाचं काय करू? आणि वर्गाच्या अडीच तासांत नेमकं काय करून घेऊ?

---

सिअ‍ॅटलकर

मीही कम्युनिटी कॉलेजातच शिकवतो. गृहपाठाला मायओपनमॅथ वापरून बघा. आमच्याच वॉशिंग्टन राज्यातल्या पिअर्स कॉलेजच्या डेव्हिड लिपमन यांनी ते बनवलंय, विद्यार्थ्याला एक पैसा पडत नाही. प्रत्येकाला वेगळे आकडे येतात आणि चुकलं की पुन्हा करता येतं. एआय तेही सोडवून देतं, हे खरंच. म्हणून मी गृहपाठाला फक्त दहा टक्के ठेवलेत. बाकी गुण वर्गातल्या छोट्या चाचण्यांना, त्यात हाताने लिहिलेलं एक पान जवळ ठेवायला परवानगी. ते पान तयार करतानाच त्यांचा अभ्यास होतो.

---

कृष्णाकाठ

ताई, मी सांगलीला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते, वर्गात ऐंशी मुलं. हार्वर्डच्या एरिक मेझर यांची पद्धत मी पुठ्ठ्याच्या अ-ब-क-ड कार्डांवर चालवते. प्रश्न फळ्यावर, आधी प्रत्येकाने गुपचूप विचार करून कार्ड वर करायचं. मग शेजाऱ्याशी तीन मिनिटं वाद घालायचा आणि पुन्हा कार्ड. उत्तर तोवर सांगायचं नाही. निम्मी मुलं चुकतील असाच प्रश्न निवडा, सगळ्यांना येणारा असला तर बोलायला काही उरत नाही. तुमच्याकडे फोनवरही मतं घेता येतील, पण कार्डाला चार्जिंग लागत नाही.

---

सिअ‍ॅटलकर

याला जोडून एक. नमुना-विचरण, म्हणजे दर नमुन्यागणिक उत्तर किती बदलतं ते, शिकवताना मी नाणी वाटतो. प्रत्येकाने दहा वेळा उडवायचं, छापाचं प्रमाण चिकट चिठ्ठीवर लिहून भिंतीवरच्या अक्षावर लावायचं. मग चाळीस वेळा उडवायचं, त्या चिठ्ठ्या दुसऱ्या रंगाच्या. दुसरा ढीग जवळपास निम्मा अरुंद दिसतो. नमुना चौपट केला की पसारा निम्मा, हे सूत्र त्यांना आधी डोळ्यांनी दिसतं, वर्गमूळ नंतर येतं. त्यानंतर संगणकावर हजार वेळा नाणं उडवून दाखवलं की ते काय चाललंय हे त्यांना कळतं. उलट क्रमाने केलं तेव्हा सगळे नुसते पडदा बघत बसले होते.

---

धागाकर्ती

दोघांचेही आभार. मंगळवारी नाणी नेते. माझ्या मुलांसाठी नाण्याऐवजी प्रत्येकाचा कॉलेजपर्यंतचा प्रवासाचा वेळ घेतला तर? ३२ आकड्यांच्या चिठ्ठ्या टोपीत टाकून चार-चार काढायच्या, सरासरी भिंतीवर. बसने येणाऱ्यांचे दीड-दीड तास त्यात दिसतील, आणि ते दिसावेत असं मला वाटतं.

सिअ‍ॅटलकर, एक शंका: रात्रपाळीमुळे चाचणी बुडते त्यांचं तुम्ही काय करता? पुन्हा घेता की सर्वांत कमी गुणांची सोडून देता?