विड्रॉल अडकलाय, आता आधार मागतायत, द्यावं का? मदत हवी आहे

मावसभावाने आयपीएलच्या वेळी एका परदेशी क्रिप्टो बेटिंग साइटवर यूएसडीटी (डॉलरच्या किमतीला बांधलेलं क्रिप्टो) टाकले होते, तिथे मोठ्या अक्षरात 'नो केवायसी' लिहिलेलं, नुसता ईमेल दिला की अकाउंट चालू. पैसे घेताना काही विचारलं नाही आणि आता जिंकलेले काढायला गेला तर आधार, पॅन आणि आधार हातात धरून सेल्फी मागतायत, वर म्हणे अटींमध्ये लिहिलंय की कधीही पडताळणी मागू शकतो.

मला त्याची खूप काळजी वाटतेय, कारण उद्या त्याच सेल्फीवर कोणी लोन काढलं तर? तो म्हणतो क्रिप्टोत नाव कळत नाही, पण यूएसडीटी घेतले इथल्याच एक्स्चेंजवरून, तिथे पॅन दिलेलाच आहे आणि ट्रॉनवरचा (ज्या ब्लॉकचेनवरून ते पाठवले, तिथला) प्रत्येक व्यवहार कोणालाही बघता येतो, मग लपलं काय?

मास्क्ड आधार (ज्यात नंबरचे पहिले आठ अंक झाकलेले असतात) दिलं तर चालतं का कुठे? आणि 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांच्या बेटिंगवर बंदी आहे, तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली की उलट त्यालाच त्रास होईल? कोणी यातून गेलं असेल किंवा वकील असेल तर प्लीज सांगा, तोवर कागद पाठवू नको म्हटलंय त्याला.