चांगला चाललेला राउंड आणि शेवटचे होल: तुमचे अनुभव

गोल्फमध्ये वाईट दिवस पचतो. पहिल्या टीपासूनच (होलचा पहिला शॉट मारायची जागा) बॉल झाडीत जात असेल तर दोन-तीन होलमध्ये मनाची तयारी होते आणि नंतर फारसं काही डाचत नाही. डाचतो तो चांगला राउंड, जो पंधराव्या होलपर्यंत हातात होता आणि तिथून पुढे निसटला. अशा राउंडचा प्रत्येक शॉट आठवडाभर डोक्यात फिरत राहतो.

१९९९ च्या ब्रिटिश ओपनमध्ये कार्नूस्टीला जाँ व्हान द वेल्द शेवटच्या टीवर आला तेव्हा तीन शॉटनी पुढे होता. डबल बोगी (पारपेक्षा, म्हणजे होलला ठरवून दिलेल्या शॉटपेक्षा, दोन जास्त; एक जास्त म्हणजे बोगी) करूनही जिंकला असता. त्याने ड्रायव्हर (सर्वात लांब मारणारा क्लब) काढला, बॉल उजवीकडे गेला. दुसरा शॉट स्टँडच्या कठड्याला आपटून दाट गवतात परतला, तिसरा बॅरी बर्न या ओढ्यात. बूट-मोजे काढून तो पाण्यात उतरला, पण शेवटी ड्रॉपच घेतला (दंडाचा एक शॉट देऊन बॉल बाहेर टाकला). पुढचा शॉट बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात), आणि होलवर सात शॉट. प्लेऑफ पॉल लॉरीने जिंकला. त्या ड्रायव्हरबद्दल व्हान द वेल्दला आजही नावं ठेवली जातात. मला ते पटत नाही. तो आठवडाभर जसा खेळला तसाच शेवटच्या होलवर खेळायला गेला. आपल्यातले बहुतेक जण नेमकं उलटं करतात: स्कोअर दिसला की खेळणं थांबतं आणि राखणं सुरू होतं. माझे स्वतःचे चांगले राउंड तरी असेच गेले आहेत.

तुमचं काय होतं? कोणत्या होलपासून, कोणता शॉट, मनात काय चाललं होतं, आणि पुढे काही बदललं असेल तर काय, हे सविस्तर लिहा. तंत्राचे धडे नकोत, अनुभव हवेत.

मधला फेअरवे

माझा हँडिकॅप १४, म्हणजे चांगल्या दिवशी पारपेक्षा साधारण १४ शॉट जास्त. एका स्पर्धेत सोळाव्या टीवर सोबतचा खेळाडू अगदी आपुलकीने म्हणाला, "आज तुम्ही ८० च्या आत येताय." तोपर्यंत मी बेरीज केली नव्हती. ती त्या क्षणी झाली, आणि तीन पार केले तर किती, दोन बोगी चालतील का, असा हिशेब सुरू झाला. ड्रायव्हर छान चालत होता, तरी बॅगेत ठेवला आणि कमी लांब जाणारा ५ आयर्न काढला. तो मारला नाही, नुसता ढकलला. उजवीकडे, झाडाच्या मागे. तिथून बाहेर, मग ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक गवताच्या) अलीकडे, मग चिप (छोटा उचललेला शॉट) लांब. एका होलवर सात, आणि पुढचे दोन होल कसे खेळलो ते नीट आठवतही नाही.

त्यानंतर बरेच दिवस मी स्कोअर न बघण्याचा नेम पाळला. कार्ड दुसऱ्याकडे द्यायचं, बेरीज कानावर आली तर दूर जायचं. फरक पडला नाही, कारण मनात कुठेतरी आकडा चालूच असतो. मग १९३९ च्या यूएस ओपनबद्दल वाचलं. सॅम स्नीडला शेवटच्या होलवर जिंकायला पार पुरेसा होता, पण इतरांचे स्कोअर त्याला माहीत नव्हते. बर्डी (पारपेक्षा एक कमी) हवी असं समजून त्याने जोखीम घेतली आणि त्या पार ५ वर आठ केले. बोगी केली असती तरी प्लेऑफ मिळाला असता. अमेरिकेची ही एकच मोठी स्पर्धा त्याला कधीच जिंकता आली नाही.

म्हणून आता मी बेरीज दडवत नाही. आकडा माहीत असू दे, पण क्लब निवडताना एकच प्रश्न विचारतो: हाच शॉट तिसऱ्या होलवर असता तर कोणता क्लब काढला असता? तोच काढायचा. धागाकर्त्याने लिहिलेला राखण्याचा मुद्दा मला अगदी पटला.

हिरवळ

माझी चाल बदलते. शेवटच्या चार होलवर मी भराभर चालू लागते, बॉलजवळ आधी पोहोचते, आधी मारते. स्विंग बिघडला असं वाटायचं, पण बिघडायचा तो वेग. आता बॅगेच्या मागे चालते, पुढे नाही. एवढंच.

पिशवीवाला

मी खेळाडू नाही, कॅडी आहे. पुष्कळ वर्षं लोकांच्या बॅगा उचलल्या आहेत, त्यामुळे हे मला बाहेरून दिसतं, आणि खेळणाऱ्याच्या आधी दिसतं.

पहिली खूण हातावर असते. ग्रिप इतकी आवळली जाते की बोटांच्या पेरांचा रंग जातो. दुसरी, अंतर दोनदा विचारलं जातं. सकाळी १४० म्हटलं की साहेब लगेच क्लब मागायचे, आता "नक्की १४०?" म्हणतात. तिसरी, मारण्याआधीची सवय मोडते. कुणी क्लबहेड दोनदा हलवतो, कुणी श्वास सोडतो, कुणी झेंड्याकडे एक शेवटची नजर टाकतो. पंधराव्या होलपर्यंत जे न चुकता होत होतं ते गळून पडतं, किंवा उलट इतकं लांबतं की बॉलवर उभं राहून पाय जड होतात.

अशा वेळी मी कधीही "टेन्शन घेऊ नका" म्हणत नाही. तसं म्हटलं की टेन्शन येतंच. मी कामं मागतो. "मॅडम, वारा कुठून वाटतो?" "लाय (बॉल कसा पडलाय ते) बघा जरा, बॉल पायांच्या वर आहे का?" उत्तर देताना डोकं शॉटकडे परत येतं. दुसरं म्हणजे एक मोठा, जास्त लांब जाणारा क्लब पुढे करतो. घट्ट हातांनी मारलेला बॉल कमी जातो आणि शेवटच्या ग्रीनसमोर बहुतेक वेळा पाणी नाहीतर बंकर असतो. आणि मी स्वतः हळू चालतो. बॅग माझ्याकडे असते, त्यामुळे क्लब हवा असेल तर त्यांना थांबावंच लागतं.

एक सांगावंसं वाटतं. आम्हालाही तो राउंड हवा असतो. बॅग उचलणाऱ्याचा जीवही अठराव्या ग्रीनवर तेवढाच वर-खाली होतो.

दूरचा झेंडा

सगळे मनाबद्दल लिहीत आहेत. मला वाटतं यातलं बरंच साधं गणित आहे, आणि ते कळल्यावर मला खरंच हलकं वाटलं.

२०२० पासून लागू झालेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत शेवटच्या २० राउंडपैकी सर्वोत्तम ८ ची सरासरी धरतात. म्हणजे हँडिकॅप हा तुमच्या चांगल्या दिवसांचा आकडा आहे, नेहमीचा नाही. नेहमीचा स्कोअर त्याहून काही शॉट जास्तच असतो. १८ हँडिकॅपवाल्याने फ्रंट नाइन (पहिले नऊ होल) ४ ओव्हर, म्हणजे पारपेक्षा ४ जास्त, केले आणि बॅक नाइन (शेवटचे नऊ) १० ओव्हर, तर तो म्हणतो "मी ढेपाळलो". खरं तर बॅक नाइन त्याचा रोजचा खेळ आहे, भन्नाट होता तो फ्रंट नाइन. त्यात शेवटचे होल बरेचदा आखतानाच अवघड ठेवलेले असतात, तेही विसरू नये.

दडपण नसतं असं मी म्हणत नाही. पण प्रत्येक घसरणीला स्वभावदोष मानून लोक स्वतःला छळतात, ते पाहवत नाही.

चार फुटांवरून

दूरचा झेंडा, गणित मान्य, पण चार फुटांच्या पुटचं (ग्रीनवर होलकडे हळूच ढकललेल्या शॉटचं) काय? तो रोजचा खेळ म्हणून सोडून देता येत नाही, कारण सरावात तो मी डोळे झाकून घालते.

माझा त्रास फक्त पुटिंगचा. ग्रीनवर येईपर्यंत सगळं ठीक. मग शेवटच्या दोन-तीन होलवर पुटर मागे नेताना हात जाणवायला लागतो. मनगट कुठे, खांदा कुठे, पुटरचं तोंड सरळ आहे का. जो हात इतका वेळ आपोआप चालत होता त्याच्यावर मी पहारा बसवते आणि तो अडखळतो. बॉल होलपर्यंत पोहोचतच नाही, किंवा उजवीकडून घसरून जातो.

२०२४ च्या यूएस ओपनमध्ये पाइनहर्स्टला रोरी मॅकिलरॉय सोळाव्या आणि अठराव्या होलवर छोटे पुट हुकला आणि ब्रायसन डीशॅम्बोने एका शॉटने स्पर्धा नेली, तेव्हा ते पाहताना माझाच घसा आवळला होता. पण त्यापेक्षा मला पुढचं वर्ष महत्त्वाचं वाटतं. २०२५ च्या मास्टर्समध्ये अठराव्या ग्रीनवर जिंकण्यासाठीचा छोटा पुट पुन्हा हुकला. काही मिनिटांत तोच होल प्लेऑफमध्ये परत खेळायचा होता. तिथे त्याने झेंड्याजवळ वेज मारली, बर्डी केली आणि जस्टिन रोजला हरवलं. म्हणजे त्याचं दडपण गेलं नव्हतं. हुकल्यानंतरचा शॉट त्याला मारता आला.

माझ्यापुरता उपाय असा निघाला: छोट्या पुटला बॉलकडे न बघता होलच्या मागच्या कडेवरच्या एका गवताच्या पात्याकडे बघून पुट करते. हाताकडे लक्ष द्यायला नजरच उरत नाही. सरावाशिवाय कुणी एकदम करू नये, सुरुवातीला बॉल कुठेही लागतो.

सहा आयर्न

वयाची साठी ओलांडलेल्यांसाठी लिहितो. चालत खेळलं तर १८ होलला आठ-दहा किलोमीटर सहज होतात, चारहून अधिक तास जातात. शेवटी पाय वळत नाहीत, मग फक्त हात मारतात आणि बॉल उजवीकडे वळतो. मी कित्येक वर्षं याला भीती समजत होतो. तहान लागण्याआधी पाणी, नवव्या होलनंतर थोडं खाणं, आणि चौदाव्यापासून प्रत्येक अप्रोचला (ग्रीनकडे मारायच्या शॉटला) एक क्लब जास्त, एवढ्याने माझे शेवटचे होल पुष्कळ सुधारले. आधी शरीर तपासा, मग मन.

धागाकर्ता

सहा आयर्न, हे फार मोलाचं लिहिलंत. पिशवीवाला, तुमचा प्रतिसाद मी आमच्या फोरबॉलमध्ये (चौघांच्या गटात) सगळ्यांना वाचून दाखवणार आहे. स्टेबलफर्ड (प्रत्येक होलला गुण देणारी पद्धत) खेळणाऱ्यांचा अनुभव कुणी लिहील का? तिथे घसरण कमी होते असं ऐकतो.

दोन गुण पुरे

होते, माझी तरी झाली. डॉ. फ्रँक स्टेबलफर्ड यांची ही पद्धत १९३२ मध्ये वॉलसीला पहिल्यांदा स्पर्धेत वापरली गेली. एक होल पूर्ण बिघडला तर शून्य गुण, त्याखाली जाता येत नाही. बॉल उचलायचा, पुढच्या टीवर जायचं. या एका सोयीमुळे सतराव्यावर पाणी ओलांडताना हात मोकळा राहतो. हँडिकॅपसाठीही एका होलवर नेट डबल बोगीपेक्षा (हँडिकॅपचे शॉट वजा करून पारपेक्षा दोन जास्त) जास्त धरतच नाहीत, हे स्ट्रोक प्लेवाल्यांनी (सगळे शॉट मोजणाऱ्यांनी) लक्षात ठेवावं.

मात्र क्लबची पदकं स्ट्रोक प्लेवर असतात आणि तिथे मी अजून अडखळतो. त्यावर कुणाकडे काही असेल तर ऐकायला आवडेल.

सहा तुकडे

वय १६, ज्युनिअर स्पर्धा खेळते. सरांनी कार्डावर तीन-तीन होलनंतर रेघ मारायला शिकवलं आहे. सहा छोटे राउंड. प्रत्येकाचं लक्ष्य वेगळं, रेघ ओढली की मागचं संपलं. शेवटचा तुकडा १६, १७, १८ चा असतो, आणि त्यात आधीच्या पंधरा होलची कमाई मोजायचीच नाही. मागच्या स्पर्धेत शेवटच्या तुकड्यात दोन बोगी झाल्या, पण आधीसारखे सलग मोठे आकडे नाही आले. 'दोन गुण पुरे' काकांना पदकासाठी हे उपयोगी पडेल असं वाटतं.

पेन्सिल

शेवटचा पुट पडला की सगळे सैल होतात आणि कार्डावर घाईने सही करतात. इथेही लक्ष हवं. १९६८ च्या मास्टर्समध्ये रॉबर्टो दे व्हिसेन्झोने, त्याच्या ४५ व्या वाढदिवशी, ६५ मारले. सतराव्या होलवर त्याने तीन केले होते, सोबत्याने कार्डावर चार लिहिले, आणि त्याने न पाहता सही केली. नियमाप्रमाणे ६६ कायम झाले आणि बॉब गोल्बी एका शॉटने जिंकला. चूक झाली नसती तर दुसऱ्या दिवशी प्लेऑफ झाला असता. होलवर जास्त आकडा लिहून सही केली तर तोच धरला जातो, आणि प्रत्यक्षापेक्षा कमी लिहिला तर सहसा खेळाडू बाद होतो. मी सही करण्याआधी मार्करसमोर (माझं कार्ड लिहिणाऱ्या सोबत्यासमोर) बसून एकेक होल मोठ्याने वाचतो, पहिल्यापासून अठराव्यापर्यंत. राउंड चांगला गेलेला असेल तर दोनदा.