विषय: स्वॉन्झीचं बॅप्टिस्ट चर्च आणि नगरचं मिशन

नमस्कार मंडळी,
आपल्या मॅसॅच्युसेट्समधल्या स्वॉन्झीचं बॅप्टिस्ट चर्च १६६३ चं आहे म्हणतात. खरंच इतकं जुनं? आणि आपल्याकडे नगरला आलेले अमेरिकन मिशनरी यांच्यातलेच का? आजी तिथल्या मिशनच्या शाळेत शिकली, म्हणून विचारतेय.
शुभा

---

शुभाताई,
जुनी आहे ती तिथली मंडळी, म्हणजे चर्चचा समुदाय. बॅप्टिस्ट म्हणजे तान्ह्या मुलांना नव्हे, तर समजत्या वयात पाण्यात बुडवूनच बाप्तिस्मा द्यावा असं मानणारे. मूळची वेल्सची. जॉन माइल्स या पाळकाने १६४९ मध्ये इल्स्टनला ती उभी केली. १६६२ च्या कायद्याने राजमान्य प्रार्थनापुस्तक न मानणाऱ्या पाळकांना चर्चबाहेर काढलं, तेव्हा हे लोक समुद्र ओलांडून इथल्या रेहोबोथ गावी आले. येताना इल्स्टनच्या मंडळीची दप्तराची वहीसुद्धा आणली! ती आता प्रॉव्हिडन्सला ब्राउन विद्यापीठात आहे.

१६६३ मध्ये सात जणांनी करारावर सह्या केल्या. पण इथले प्युरिटन स्वतः इंग्लंडातून छळाला कंटाळून आलेले, तरी यांना सुखाने राहू देईनात. १६६७ मध्ये प्लिमथ वसाहतीच्या कोर्टाने परवानगीवाचून सभा भरवल्याबद्दल माइल्सला पाच पौंड दंड ठोकला. मग त्याच कोर्टाने थोडं लांब वेगळं गावही दिलं, तेच स्वॉन्झी. बला टळली म्हणायचं आणि काय! पुढे १६७५ मध्ये इथल्या मूळ रहिवासी वाम्पानोआग लोकांशी लढाई पेटली तीही इथूनच, आणि माइल्सचं घर तेव्हा गढीसारखं वापरलं.

आता नगरचं. ते अमेरिकन मराठी मिशन, म्हणजे प्युरिटनांतूनच पुढे आलेल्या काँग्रिगेशनल पंथाचं. दंड करणाऱ्यांची पुढची पिढीच म्हणा ना. पण गंमत पुढेच आहे. १८१२ मध्ये इथल्याच सेलमला पाच तरुणांना एकत्र मिशनरी म्हणून दीक्षा मिळाली. त्यांतला गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईला पोचला आणि मराठी मिशन सुरू झालं. त्या पाचांतल्याच अडोनिराम जडसनला मात्र हिंदुस्थानच्या वाटेवर पुस्तकं वाचतानाच तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा पटेनासा झाला. कलकत्त्यात त्याने पाण्यात बुडून बाप्तिस्मा घेतला, बॅप्टिस्ट झाला आणि ब्रह्मदेशात गेला. म्हणजे आजीची शाळा त्याच तुकडीची, फक्त न बदललेल्यांच्या बाजूची.
नाना

---

नाना, हे आजीला ऐकायला हवं होतं. ती वही बघायला ब्राउनला आधी विचारून जावं लागेल ना? मी विचारून ठेवते. गाडीत तिघांची जागा आहे, यायचं असेल त्यांनी कळवा.
शुभा