पद्मिनीचा कॉलम गिअर ढिला : लिंकेजचे बुश लेथवर कशाचे आणि किती मापाचे करावेत?

धुळे_पद्मिनी
राम राम मंडळी. गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८६, स्टेअरिंगजवळचा गिअर लिव्हर. मुठीला दोन बोटं खेळ (सैलपणा) आहे. तिसरा गिअर नीट बसत नाही, बसला तर खड्ड्यात सुटतो. कॉलमच्या तळापासून गिअरबॉक्सपर्यंतच्या दोन्ही दांड्यांचे चारही सांधे ढिले आहेत. बाजारात मिळणारे बुश (पिन आणि भोक यांच्यामधली नळी) रबरासारखे मऊ आहेत, घातले की महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा तेच. म्हणून टर्नरकडून करून घ्यायचे आहेत.
व्हर्निअरने घेतलेली मापं (मिमीत), एका सांध्याची : पिन न झिजलेल्या टोकाला १०.०, मधे ९.६. पिन ज्यात बसते त्या तळाच्या लिव्हरचं भोक एका दिशेने १६.१, दुसऱ्या दिशेने १६.५. लिव्हरची पट्टी ५ मिमी जाड.
नायलॉन, गनमेटल (तांबं-कथलाचा मिश्रधातू) की डेल्रिन (कडक प्लास्टिक)? आणि टर्नरला माप काय सांगू?

लेथ_जळगाव
भाऊ, तुमच्याच मापांत उत्तर आहे. पिन ०.४ ने झिजली आणि भोक ०.४ ने लंबगोल झालं. अशा पिनवर नवा बुश घातला तर खेळ जेमतेम अर्धा जाईल. एका सांध्यात ०.७ मिमी धरा, एका दांडीचे दोन सांधे म्हणजे १.४. तळाचा लिव्हर साधारण ६० मिमीचा आणि मूठ अक्षापासून अडीचशे मिमीवर असेल तर हाताला तो चौपट, म्हणजे साडेपाच-सहा मिमी लागतो. एवढ्याने दोन बोटं होत नाहीत. कॉलमवरच्या शाफ्टचा खालचा आधारही ढिला असणार, तो आधी हलवून बघा.

आता काम. भोक आधी गोल करून घ्या, १७.० पर्यंत. हातड्रिलने करू नका; ड्रिल लंबगोलाच्या मागेच जातं. फोर-जॉ चकमध्ये (लेथची चार जबड्यांची पकड) लिव्हर पकडून बोअर करायला सांगा. भोकाभोवती निदान ४ मिमी लोखंड उरलं पाहिजे. उरत नसेल तर भोक वेल्डने भरून पुन्हा करावं लागेल.

पिन ईएन-८ (मध्यम कार्बनचं पोलाद) ची नवी करा, १०.०० मिमी, पाठीमागून खांदा ठेवून वेल्ड. हे सगळं बुश बसवायच्या आधी, नाहीतर वेल्डच्या उष्णतेने बुश वितळेल.

बुश डेल्रिनचा (दुकानात अ‍ॅसिटल किंवा पीओएम म्हणूनही मिळतं), २५ मिमीच्या रॉडमधून. कॉलर २३ व्यासाची, २ मिमी जाड. बॉडी १७.१०, लांबी ५.३, पट्टीपेक्षा ०.३ जास्त, म्हणजे वॉशर बुशवर टेकतो आणि लिव्हर आवळला जात नाही. पुढच्या कडेला १ मिमी चेम्फर (तिरकी कड). आतलं भोक आधी १०.१ च ठेवा. बाहेरून ०.१० दाबून बसवलं की आतलं जवळपास तेवढंच आवळतं. म्हणून बसवल्यावर रीमरने (भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार) १०.१५ करायचं. आधीच १०.१५ केलं तर उन्हाळ्यात पिन जाम होईल : दहा मिमीच्या पिनला उरलेलं ०.०५ आपल्याकडच्या मे महिन्यात पुरत नाही.

हत्यार एकदम धारदार हवं, कट हलका. कापताना प्लास्टिक गरम होऊन फुगतं, गरम असताना मोजलं तर थंड झाल्यावर माप कमी भरतं. टर्नर लोखंडाच्या सवयीने लगेच मायक्रोमीटर लावतो, त्याला पाच मिनिटं थांबायला सांगा.

बसवायच्या आधी बुश अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा. १७ मिमीवर साधारण ०.०९ आकसतो, व्हाइसमध्ये अलगद सरकतो. हातोडी नको, कॉलर फुटते.

भुसावळ_अप्पा
एवढा प्लास्टिकचा खटाटोप कशाला? गनमेटल करा, जन्मभर बघायला नको. नायलॉन तर मुळीच नको, पावसाळ्यात पाणी पिऊन फुगतं आणि गिअर दगडासारखा घट्ट होतो.

लेथ_जळगाव
नायलॉनबद्दल अप्पा बरोबर. गनमेटलबद्दल नाही. दांडीच्या सांध्यावर ते इंजिनाची थरथर जशीच्या तशी मुठीपर्यंत आणतं, आणि ग्रीस संपलं की पिन खायला लागतं. ग्रीस भरपूर लावलं तर आपल्या रस्त्यांची धूळ त्यात बसून घासपेस्टच होते. कॉलमच्या तळाच्या आधाराला मात्र गनमेटल चालेल, तिथे शाफ्ट सरळ फिरतो, धूळही कमी. सायलेन्सरचा पाइप एखाद्या सांध्याला अगदी लागून जात असेल तर तिथेही, कारण डेल्रिन १६५-१७५ अंशांना वितळतं आणि शंभराच्या आसपासच मऊ पडायला लागतं.

अमळनेर_गॅरेज
दोन गोष्टी सुटल्या.

एक, दुकानदार कुठलाही पांढरा रॉड डेल्रिन म्हणून देतो. ग्लासभर पाण्यात मीठ विरघळायचं थांबेपर्यंत टाका, तळाला थोडं उरलं पाहिजे. त्यात रॉडचा तुकडा सोडा, वर चिकटलेले बुडबुडे बोटाने झटका. डेल्रिन (घनता १.४१) बुडतं, नायलॉन (१.१४) तरंगतं. साध्या पाण्यात दोन्ही बुडतात, त्यामुळे तो प्रयोग फुकट. जाळून बघू नका, डेल्रिनचा धूर डोळ्यांना आणि घशाला वाईट झोंबतो.

दोन, तिसरा खड्ड्यात सुटतो म्हणालात. ही खूण एकट्या बुशची नाही. इंजिन माउंट (इंजिनाखालचं रबर) दबलं किंवा फाटलं असेल तर खड्ड्यात इंजिन हलतं, कॉलम बॉडीला घट्ट, आणि मधली दांडी गिअर ओढून काढते. आधी माउंट बघा. मग गिअरबॉक्सकडची दांडी सोडून तिथला लिव्हर हाताने हलवा. प्रत्येक गिअरला स्पष्ट ‘टक’ लागला तर बॉक्स ठीक. तिसऱ्याला लागत नसेल तर आतली बॉल-स्प्रिंग किंवा गिअर झिजलाय, बाहेरून कितीही बुश घाला, उपयोग नाही. हे करताना गाडी स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकवर नको.

धुळे_पद्मिनी
माउंट बघितलं, एका बाजूचं रबर चिरलंय. बॉक्सला टक व्यवस्थित लागतो. आता बुश चारच करू का? आणि दांडीची लांबी कशी लावायची?

अमळनेर_गॅरेज
माउंट आधी बदला, लांबी मग लावा. उलट केलं तर तेच काम पुन्हा. बॉक्स न्यूट्रलमध्ये, मूठही न्यूट्रलला एकाने धरून ठेवायची, आणि दांडीचं टोक एवढं फिरवायचं की पिन भोकात आपोआप सरकली पाहिजे. ढकलून घालावी लागली तर अर्धा आटा इकडेतिकडे करा. मग लॉकनट. लिथियम ग्रीसचा पातळ हात, वॉशर आणि नवी कॉटर पिन. जुनी सरळ करून परत घालू नका.

लेथ_जळगाव
बुश सहा करा. टर्नरचा वेळ सेटिंगला जातो, जादा दोन बुशांना रॉड फार लागत नाही. पण मापं चारही भोकांची वेगवेगळी घेऊन द्या भो, एकाच्या मापावर चारही कापू नका. दांडीच्या दोन टोकांची झीज सहसा सारखी नसते. आणि काम झाल्यावर मुठीला दहा-बारा मिमी खेळ राहिला तर तो राहू द्या, कॉलम गिअरला तेवढा असतोच.