बाल्साचं क्रँकबेट: वेगात लोळतं, खवले छापील दिसतात, इपॉक्सीत फोड येतात

पाणकावळा
बाल्साचं (फार हलकं लाकूड) ८० मि.मी. लांब, १८ मि.मी. जाड क्रँकबेट (ओढलं की डोलणारं, माशासारखं नकली आमिष) आहे. लिप (नाकाखालची, पाणी कापणारी पट्टी) १.५ मि.मी. पॉलिकार्बोनेटची (टणक पारदर्शक प्लॅस्टिक), दोन तीनकाटी गळ, पोटात शिशाचा एक गोळा. तीन अडचणी आहेत:
१) हळू ओढलं तर छान डोलतं, रीळ जोरात फिरवलं की कुशीवर पडून वर येतं.
२) जाळी लावून एअरब्रशने खवले काढलेत, पण ते माशाचे न वाटता कापडावरच्या छाप्यासारखे दिसतात.
३) वरच्या इपॉक्सीत (दोन भाग मिसळून घट्ट होणारा पारदर्शक लेप) टाचणीच्या डोक्याएवढे फोड आणि काही ठिकाणी खड्डे.
लाकूड आकार दिल्यावर सँडपेपरने घासून थेट प्रायमर मारला आहे. चूक नेमकी कुठे?

रंधा_आणि_कानस
पहिल्या अडचणीचं बघू. वेगात लोळण्याची कारणं ठरलेली असतात: शिसं कमी किंवा फार वर, लिप फार मोठी, किंवा लिप तिरकी बसलेली. आधी लिप तपासा. समोरून बघितलं तर लिपची आडवी कड पाठ-पोटाच्या मधल्या रेषेशी काटकोनात हवी. एक-दोन अंशांचा फरकही वेगात दिसतो. गोल झालेल्या अंगावर लिपची खाच सरळ कापणं जवळजवळ अशक्य असतं. म्हणून ठोकळा चौकोनी असतानाच लिपची खाच आणि पोटातली तारेची चीर कापून घ्यायची, कानस त्यानंतर.

आता शिसं. अंदाजाने गोळा घालू नका, वजनकाटा वापरा. लाकूड सील करा (रंध्रं बुजवणारा थर द्या), गळ, कड्या, लिप सगळं तात्पुरतं लावून त्याचं वजन घ्या. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्य करा आणि बारीक सुईने ल्युअर (म्हणजे हे नकली आमिष) पूर्ण पाण्याखाली दाबा, भांड्याच्या तळाला किंवा बाजूला लागू न देता. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढं पाणी ल्युअरने बाजूला सारलं. समजा काटा १४ दाखवतो आणि ल्युअरचं वजन ८ आहे, तर तरंगण्याची शिल्लक ६ ग्रॅम. तरंगणारं क्रँकबेट हवं असेल तर त्यातले साधारण ३ ते ४ ग्रॅम शिशात घाला. वरचं इपॉक्सीही वजन वाढवतं, त्यामुळे शिल्लक अगदी शून्यावर आणू नका.

शिशाची जागा पोटाच्या अगदी तळाशी, पुढच्या गळाच्या कडीच्या आसपास. एका मोठ्या गोळ्याऐवजी दोन छोटे घातले तर तोल सरकवता येतो. कायमचं चिकटवण्याआधी शिसं पोटाला टेपने बांधून पाण्यात सोडा आणि बोटाने कुशीवर पाडा. बोट काढताच झटकन सरळ झालं पाहिजे. रेंगाळलं तर शिसं आणखी खाली हवं.

बाल्सात नुसते स्क्रू-आय (गळ अडकवायच्या आट्यांच्या कड्या) धरत नाहीत. १ मि.मी. स्टेनलेस तार नाकापासून शेपटीपर्यंत आरपार घाला आणि चीर इपॉक्सीने भरा. वितळलेलं शिसं लाकडात ओतण्याच्या फंदात पडू नका. ओलावा असेल तर वाफ होऊन ते उसळतं.

खवलेवाला
खवल्यांचं कोडं रंगांच्या क्रमात आहे. जाळीचे धागे खालचा रंग झाकून ठेवतात, वरचा फवारा फक्त छिद्रांत बसतो. पांढऱ्या प्रायमरवर जाळी लावून गडद रंग मारला की गडद ठिपके आणि पांढऱ्या रेघा मिळतात, म्हणजे छापील कापड. उलट करा: कुशीला आधी गडद राखाडी-हिरवा, जाळी ताणून चिमट्यांनी घट्ट बसवा, वरून चंदेरी किंवा मोतिया. मग खवला चमकतो आणि त्याची कड गडद राहते.

जाळी चौकडीसारखी नको, बर्फीसारखी तिरकी धरा. फवारा कोरडा आणि काटकोनात. ओला मारला तर रंग धाग्याखाली झिरपतो. एअरब्रशला ०.३ मि.मी. सुई, हवेचा दाब २० ते २५ पीएसआय, रंग दुधाइतका पातळ. जाळी सरकवत न काढता सरळ वर उचला.

सर्वात जास्त चुकतं ते डोकं. कार्पसारख्या माशांच्या डोक्यावर खवले नसतात. कल्ल्याच्या झाकणापर्यंतचा भाग टेपने झाकूनच जाळी लावा. एवढ्यानेच निम्मा फरक पडतो.

जाळी काढल्यावर काम संपत नाही. खवले फार ठळक वाटतात, म्हणून पारदर्शक मोतिया रंगाचा एक विरळ फवारा सगळ्यावर. त्यानंतर पाठीचा गडद रंग वरून खाली, कडेची रेघ न उमटता विरत जाईल असा. पोट चुन्यासारखं पांढरं ठेवू नका, गळ्यापाशी किंचित गुलाबी झाक द्या. प्रत्येक थरानंतर हेअर ड्रायर. डोळे रंगानंतर आणि इपॉक्सीआधी, गोल बुडाच्या बिटने केलेल्या उथळ खळग्यात.

थर_आणि_फोड
तिसरी अडचण प्रायमरच्या आधीची आहे. लाकूड सीलच केलेलं नाही. उष्णता लागली की रंध्रांतली हवा फुगते आणि ओल्या इपॉक्सीतून बाहेर येते, तोच फोड. पातळ इपॉक्सी किंवा पातळ सुपरग्लूचे दोन थर द्या, मग ४०० नंबरचा कागद. सुपरग्लू सुती कापडाने पुसू नका, सुतात तो तापतो, धूरही निघतो. खिडकी उघडी हवी.

खड्डे वेगळे: तिथे बोटांचं तेल किंवा सिलिकॉन असतं. रंगानंतर हातमोज्यांशिवाय ल्युअर धरू नका. इपॉक्सी डब्यावर दिलेल्या प्रमाणातच, २ मिनिटं घोटून फॉइलवर पसरवा म्हणजे बुडबुडे वर येतात. ३० मिनिटांचं इपॉक्सी साधारण दोन तास फिरत्या चाकावर राहू द्या, नाहीतर पोटाखाली थेंब जमतो. लिपवर टेप लावा. पॉलिकार्बोनेटला अ‍ॅसिटोन लागलं तर बारीक तडे जातात.

पाणकावळा
म्हणजे सील करून पुन्हा सुरुवात. तयार प्लॅस्टिकच्या कोऱ्या अंगांवर हीच पद्धत चालेल का?

थर_आणि_फोड
रंगाचा क्रम तोच. सीलिंग नको, पण साच्याचं तेल भांड्याच्या साबणाने धुवा आणि ६०० नंबरने खरडा, नाहीतर रंग पापुद्र्यासारखा सुटतो. ड्रायर लांबून, कारण अंग पोकळ असतं आणि आतली हवा फुगून जोड उघडते. तयार ल्युअर मऊ रबरी अळ्यांच्या डब्यात ठेवू नका. त्यांतलं प्लॅस्टिसायझर (रबर मऊ ठेवणारं रसायन) रंग आणि प्लॅस्टिक दोन्ही चिकट करतं.

रंधा_आणि_कानस
एक राहिलं. सगळं नीट असूनही ल्युअर एका बाजूला पळालं तर लिप कापू नका. ल्युअरचं नाक स्वतःकडे करून धरा. ओढताना तुमच्या डावीकडे जात असेल तर दोरीची कडी पक्कडीने तुमच्या उजवीकडे केसभर वाकवा, मग पुन्हा ओढून बघा.