चिनी चौकाचं घर जपायचं म्हणजे नेमकं काय जपायचं?

अंगणवेडा (धागाकर्ता):
बीजिंगच्या हुथोंगमध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या गल्ल्यांमध्ये, काँक्रीटचं घर बांधायचं, वरून करड्या विटेच्या पातळ चकत्या चिकटवायच्या आणि त्याला पारंपरिक सिहयुआन म्हणायचं, असे प्रकार झाले आहेत. याला जतन म्हणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

चारी बाजूंना खोल्या आणि मधे चौक, एवढ्यावर सिहयुआन होत नाही. त्याचा जीव लाकडी सांगाड्यात आहे. दगडी तळखड्यावर खांब, खांबांवर तुळया, सगळं खाचेत कुसू बसवून जोडलेलं. छपराचा भार भिंतीवर येतच नाही. भिंत पडली तरी घर उभं राहतं, अशी तिकडे म्हणच आहे.

पण म्हणून भिंतीत हयगय नाही. उत्तम कामात प्रत्येक विटेच्या पाच बाजू घासून घेतात. दर्शनी कडा अगदी काटकोनात, मागचा भाग किंचित निमुळता. कडेला कड भिडवून विटा रचायच्या आणि चुना मागच्या पोकळीत ओतायचा. बाहेरून सांधा केसाएवढा दिसतो, चुन्याचा ठिपकाही दिसत नाही. ही भिंत चकत्या चिकटवून कशी मिळणार? 2009 मध्ये युनेस्कोने चिनी लाकडी बांधकामाची कारागिरी अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. हात थांबले की ती संपली.

रोखठोक:
अजिबात पटलं नाही. तुम्ही विटा बघताय, मी राहणारी माणसं बघतोय. 1949 नंतर एका कुटुंबाच्या घरात अनेक बिऱ्हाडं आली. 1976 चा थांगशानचा भूकंप झाला तेव्हा लोकांनी चौकात तात्पुरते निवारे उभारले. धोका टळला, निवारे राहिले, त्यांचीच पुढे स्वयंपाकघरं नि खोल्या झाल्या. चौकाचा बोळ झाला. संडास गल्लीत, सार्वजनिक. बीजिंगच्या थंडीत, पारा शून्याच्या खाली असताना, म्हाताऱ्या माणसाने रात्री उठून तिथवर जायचं? काँक्रीटच्या घरात नळ आणि संडास मिळत असेल तर मी काँक्रीटच्या बाजूने.

दगडूशिल्पी:
माझं तिसरंच म्हणणं. रिकामं करून संग्रहालय करा, तरच वाचतं. शान्शी प्रांतातला छियाओ घराण्याचा वाडा बघा. 1756 च्या सुमारास सुरुवात झाली, वाढत वाढत 313 खोल्या झाल्या. बाहेरची भिंत दहा मीटरहून उंच. छपरं एकपाखी, उतार आतल्या बाजूला, म्हणजे पावसाचं पाणीसुद्धा घराबाहेर जायचं नाही. पाणी म्हणजे संपत्ती अशी तिकडची समजूत, आणि व्यापाऱ्याचं घर ते! मुख्य दारासमोरच्या आडभिंतीवर दीर्घायुष्याचं एकच अक्षर शंभर वेगवेगळ्या वळणांत कोरलंय. 1986 पासून तिथे संग्रहालय आहे. बिऱ्हाडं घुसली असती तर त्या अक्षरांवर खिळे ठोकून दोऱ्या बांधल्या असत्या.

अंगणवेडा:
@दगडूशिल्पी, त्याच वाड्याचा 5ए हा पर्यटनातला सर्वोच्च दर्जा 2019 मध्ये काढून घेतला गेला. कारणांमध्ये अतिव्यापारीकरण होतं. माणसं काढली की तिथे दुकानं येतात.

@रोखठोक, संडासाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण सांडपाण्याची नळी टाकायला तुळया उतरवाव्या लागत नाहीत.

सुनंदाताई:
कारागिरीवर इतकं बोललात, पण ती कारागिरी कशासाठी राबली तेही बोला. उत्तरेचं दक्षिणाभिमुख घर थोरल्यांचं, पूर्व-पश्चिमेची मुला-सुनांची, दक्षिणेची पाठमोरी ओळ नोकरांना नि पाहुण्यांना. मधलं दुसरं दार सगळ्यांत देखणं. अधांतरी लोंबणारे आखूड खांब, टोकाला कोरलेल्या कमळकळ्या. आणि घरंदाज बाईने ते दार ओलांडायचं नाही! मिंग काळात तर सामान्य माणसाला तीन खणांपेक्षा रुंद घर बांधायची मुभा नव्हती, रंगीत नक्षीही नाही. हा सांगाडा जसाच्या तसा पूजायची गरज मला वाटत नाही. राहणाऱ्यांना तो बदलू द्या.

अंगणवेडा:
ताई, बदलाला माझा विरोध नाही. ते दार आज सगळ्यांना उघडं आहे, हे चांगलंच झालं. पण ती कमळकळी कोरणारा सुतार त्या नियमांचा मालक नव्हता. त्याचं काम पाडून त्या सुनांना न्याय मिळत नाही.

आणि "बदल" या नावाखाली काय होतं तेही पाहा. लियांग सिछंग आणि लिन हुइयिन या जोडप्याने चीनभर हिंडून जुन्या लाकडी इमारती मोजल्या, नोंदवल्या. 1930 च्या दशकात ते बीजिंगमधल्या ज्या चौकाच्या घरात राहत होते, ते 2012 मध्ये पाडल्याचं उघड झालं. पाडकामाला दुरुस्तीचं नाव दिलं गेलं. हे वाचलं तेव्हा माझा संताप झाला, अजूनही होतो.

रोखठोक:
ते निंद्यच. पण मग ज्यूअर हुथोंगचं काय म्हणाल? वास्तुविशारद वू लियांगयोंग यांनी तिथली मोडकळीला आलेली घरं काढून दोन-तीन मजली इमारती चौकांभोवती रचल्या. चौकातली जुनी झाडं राखली, घराघरात संडास दिले. 1992 चा जागतिक अधिवास पुरस्कार मिळाला. तुमच्या हिशेबात हे जतन नाही, पण चौक जिवंत आहे.

अंगणवेडा:
ज्यूअर मला आवडतं. ते नवं आहे आणि नवं म्हणूनच उभं आहे, विटेची चकती लावून जुनेपणाचा आव आणत नाही. जिथे सांगाडा कुजून गेलाय तिथे असंच बांधावं. जिथे खांब अजून धड आहेत तिथे मात्र आधी सुताराला बोलवा, कंत्राटदाराला नंतर.

रोखठोक:
आणि खांब धड आहेत की नाही हे ठरवणार कोण? घरात राहणारा, की बाहेरून बघायला आलेला? माझी अडचण तिथेच आहे.